मृण्मयीचा नंबर

सरोजिनीबाईंच्या घरात कुणाचा वाढदिवस आला की महिनाभर आधीपासून लग्नघराची कळा यायची. नांदेडात चैतन्यनगराच्या मागच्या अंगाला त्यांचं घर. नवरा उद्धवराव जिल्हा परिषदेत, बाई स्वतः शाळेत विज्ञान शिकवायच्या, आणि शाळा सुटली की केक. विकायला नाही हां. कुणी ऑर्डर घेऊन आलंच तर त्या तोंडावर सांगायच्या, माझा केक फक्त घरच्या माणसाला. आता घरचं माणूस कोण, तर चुलते, मावश्या, नणंद, नणंदेच्या सासरचे, मागच्या गल्लीतले. ज्याच्या जन्मतारखेचा बाईंना पत्ता लागला तो घरचा. आणि गोल केक करून त्यावर चेरी ठेवून मोकळं होणं त्यांना माहीत नव्हतं. थीम लागायची. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला रेडिओचा केक झाला, त्याला चॉकलेटची बटणं. उद्धवरावांच्या पन्नाशीला लाल दोरी बांधलेली ऑफिसची फाईल, दोरीसुद्धा साखरेची. नणंद मालविका, तिच्या चाळिशीला पैठणी केली, तेव्हा पदरावरचे मोर काढता काढता बाईंचा अंगठा सुजून केवढा झाला होता. पताका, टोप्या, खेळ, पाहुण्यांच्या कपड्यांचा रंग, सगळं थीमला धरून. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिला आवर तरी असावा की नाही?

या घराचा आणखी एक कायदा होता. वाढदिवसाच्या आसपास कसलीही मोठी बातमी आली तर ती आधी फोडायची नाही, केक कापतानाच फोडायची. मालविकाआत्याचं लग्न ठरलं ते असंच कळलं, उद्धवरावांची बढतीसुद्धा तशीच. त्यामुळे या लोकांच्या फोटोंमध्ये सुरी केकमध्ये आणि सगळ्यांचे जबडे उघडे, असे बरेच फोटो आहेत.

मृण्मयी ही या दोघांची एकुलती एक. दहावीपर्यंत हुशार होती, म्हणून तिला लातूरला नेऊन घातली. आमच्याकडे पोर हुशार निघालं की त्याला लातूरला नेऊन घालतात, यात विचारण्यासारखं काही नसतं. बारावी झाली, मेडिकलची परीक्षा झाली, थोडक्यात हुकली. मग एक वर्ष रिपीट. औसा रोडच्या आतल्या बाजूला उमाबाईंच्या माडीवर एक खोली, खोलीत दोन पलंग, एकावर मृण्मयी आणि दुसऱ्यावर उदगीरची मंजुश्री. यंदाही मार्क काठावरच पडले. पहिल्या यादीत नाव नाही, दुसऱ्या यादीत नाही. आता शेवटची यादी यायची होती आणि ती आली की चार दिवसांनी मृण्मयीचा एकोणिसावा वाढदिवस.

आणि 'नंबर' हा शब्द. बाहेरच्या माणसाला नंबर म्हणजे फोनचा वाटेल, गाडीचा वाटेल. आमच्याकडे नंबर लागतो. पोरीचा नंबर लागला का, पोराचा नंबर कुठं लागला, अमक्याचा दोनदा बसूनही लागला नाही. कुठल्या परीक्षेचा, कशाचा, हे कुणी विचारत नाही. नुसतं 'नंबर' म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं.

बुधवारी दुपारी यादी आली. मृण्मयीने पलंगावर बसून मोबाईलवर ती खालपासून वरपर्यंत पाहिली, मग वरपासून खालपर्यंत. तिचा नंबर नव्हता. आता रडू येईल म्हणून तिने उठून दाराला कडी घातली आणि वाट पाहिली. रडू आलं नाही. मग कडी काढली. सकाळच्या डब्याचं ताट तसंच पडलं होतं, ते घासलं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. एकच गोष्ट तिला स्वच्छ कळत होती, की आता परत बसायचं नाही. तिसऱ्यांदा ती पुस्तकं उघडायची, त्या बाकावर जाऊन बसायचं, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. याचंही तिला वाईट वाटलं नाही. पाय मोडला की चालता येत नाही, इतकं ते साधं होतं. फक्त हे घरी सांगायचं होतं.

तेवढ्यात मालविकाआत्याचा फोन आला. तिकडे मिक्सर चालू होता. वहिनीच्या केकसाठी पिठीसाखर दळायचं काम वर्षानुवर्षं आत्याकडेच असायचं.

"मृणू, अगं वाढदिवस तोंडावर आला. वहिनी माझं डोकं खाऊन राहिल्यात. थीम काय ठेवायची?"

"काहीही ठेव."

"काहीही अशी कुठं थीम असती का? सांग पटकन, माझा मिक्सर गरम होऊन राहिला."

मृण्मयीला सुटका हवी होती. आजकाल ते आकड्यांचे केक करतात ना, एक आणि नऊ असे कापायचे आणि वर चार फुलं ठेवायची? त्याला नंबर केक म्हणतात. त्याला टोप्या लागत नाहीत, पताका लागत नाहीत, कुणाला मोर काढावे लागत नाहीत.

"नंबर," ती म्हणाली.

तिकडचा मिक्सर बंद झाला. "काय म्हणालीस?"

"नंबर."

"खरं सांगतीस?"

"हाव. नंबरच."

"देवा रे माझ्या," असं म्हणून आत्याने फोन ठेवला.

आता आत्याला तरी काय बोल लावायचा? यादी आज येणार हे तिला ठाऊक होतं, सकाळपासून ती उपाशी बसली होती, विचारायचं धाडस होईना म्हणून थीमचं निमित्त काढून फोन केला होता. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, कानाचंही तेच. अर्ध्या तासात घरच्या ग्रुपवर फुलं, लाडू, हात जोडलेले देव यांचा असा पूर आला की मोबाईल तापला. देगलूरच्या राघवेंद्रकाकांनी लिहिलं, घराण्यातली पहिली डॉक्टर. अर्धापूरच्या मावशीने लिहिलं, केळीचा घड घेऊन येते. मृण्मयीने 'नाही, मी केकचं' एवढं लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. खरं तर एका ओळीचं काम होतं. पण बोटं तिथे गेली की जड व्हायची.

मग आईचा फोन आला. मृण्मयीला वाटलं, आता आई रडेल, ओरडेल, काहीतरी करेल.

"मृणू," आई म्हणाली.

"हं."

"बरं झालं हां. मैदा आहे, कोको आणावा लागेल."

"आई, ऐक ना, ते नंबरचं..."

"काही सांगू नकोस आता. कॉलेजचं नाव तर मुळीच नको. केक कापताना सांग. तुझ्या बाबांना बजावलंय, त्या यादीला हात लावायचा नाही. केकवर तुझ्या नावाखाली एक पाटी कोरी ठेवते. तू कॉलेज सांगितलंस की सगळ्यांसमोर मी त्यावर लिहीन. कशी आहे कल्पना?"

"छान आहे," मृण्मयी म्हणाली. हे आपण का म्हणालो ते तिला कळलं नाही.

मंजुश्री क्लासहून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. मंजुश्री तेलाच्या व्यापाऱ्याची पोर, तिच्या बोलण्यात आडपडदा नसायचा. ती म्हणाली, "अगं येडी का तू? आत्ताच्या आत्ता फोन लाव. रविवारपर्यंत ताणलंस तर लई अवघड होईल."

"लावते."

"कधी?"

"लावते ना."

"तू रडलीस का पण?"

"नाही."

"मग रड की बाई एकदाची," मंजुश्री म्हणाली आणि तिने आपल्या डब्यातली शेंगाचटणी तिच्या ताटात वाढली.

उमाबाईंच्या कानावर बातमी कशी गेली देव जाणे, पण शनिवारी मृण्मयी पिशवी घेऊन जिना उतरली तर बाई खाली वाटीत दही घेऊन उभ्या. "नंबर लागला म्हनं पोरी? लई बेस झालं. माझ्या माडीवरून आजवर एवढ्या पोरी डॉक्टर झाल्या, पर तुझ्यावानी गुणाची न्हाई. फोटू दे एक." जिन्याच्या भिंतीवर त्यांनी नंबर लागलेल्या पोरींचे फोटो लावले होते, प्रत्येकीला प्लास्टिकचा हार. मृण्मयीने पर्समधून पासपोर्ट साइजचा फोटो काढून दिला. दही हातावर घेतलं, खाल्लं, पाया पडली. एस.टी.त बसल्यावर तिला वाटलं, आपण निदान फोटो तरी द्यायचा नव्हता. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा आलं. घरी पोचलं की आधी आईला गाठून सांगायचं, असं तिने प्रत्येक स्टँडवर ठरवलं.

सांगणार कुणाला? बाबा स्टँडवर न्यायला आले होते. उद्धवराव मितभाषी माणूस, जन्मात कधी मुलीला जवळ घेतलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी तिची पिशवी हातातून घेतली आणि स्कूटरपर्यंत जाताना दोनदा डोळे पुसले, वर म्हणाले, काय धूळ झालीय या स्टँडवर. घरी सगळे दाखले, त्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स एका नव्या फाईलीत लावून ठेवल्या होत्या. सोमवारची रजा टाकलेली. "कुठलं का कॉलेज असेना, पहाटे निघू," ते म्हणाले. मृण्मयी फाईलीकडे बघत बसली. हे त्यांना सांगायला हवं होतं, आणि नेमकं त्यांनाच सांगणं अशक्य होतं.

आई स्वयंपाकघरात. ओट्यावर केक. पांढऱ्या डॉक्टरी कोटाची घडी, हुबेहूब. कॉलर, बटणं, खिसा, खिशात साखरेचं पेन. गळ्याभोवती फॉन्डंटचा काळा स्टेथोस्कोप. फॉन्डंट म्हणजे साखरेची कणीक, लाटावी तशी लाटते आणि वाळली की कडक होते. छातीवर फॉन्डंटच्याच निळ्या अक्षरांत 'डॉ. मृण्मयी' आणि त्याखाली ती कोरी पाटी.

"आई, मला बोलायचंय."

"बोल. ही पिशवी धर आधी, वरून घट्ट."

मृण्मयीने क्रीमची पिशवी धरली. आई वाकून बटणांभोवती बारीक टाके काढत होती. तिचा चेहरा शांत होता. नुसता शांत नाही, कोरा. केक करताना आईची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायची, मधेच ती स्वतःशी गुणगुणायची, बिघडलं तर स्वतःलाच शिव्या घालायची; त्यातलं काहीच नव्हतं. मृण्मयीला वाटलं, दमली असेल.

"बोल ना," आई म्हणाली.

"काही नाही. छान झालाय."

"कॉलर जरा डावीकडे गेलीय," आई म्हणाली, आणि ती नीट केली नाही.

रविवारी संध्याकाळी घर भरलं. सगळ्यांना पांढरे कपडे घालून या म्हणून सांगितलेलं, त्यामुळे हॉलमध्ये पन्नास जणांची शोकसभा असल्यासारखं दिसत होतं, पण हे म्हणणार कोण. खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगून त्यात संत्र्याचं सरबत भरलेलं. रंगीत चॉकलेटच्या गोळ्या कागदी पुड्यांत बांधून त्यावर 'सकाळ-संध्याकाळ' लिहिलेलं. कल्पना मालविकाआत्याची, अक्षर उद्धवरावांचं. मृण्मयीला कोट चढवला, खुर्चीत बसवलं, समोर स्टूल ठेवलं आणि वर पाटी, ओपीडी. खेळ असा, की एकेकाने स्टुलावर बसायचं, केसपेपरवर आपलं दुखणं लिहून आणायचं, डॉक्टरने नाडी पाहून गमतीचं औषध सांगायचं. सगळे पेशंट संपले की केक, आणि केकबरोबर कॉलेजचं नाव.

म्हणजे मृण्मयीकडे वेळ होता तो स्टुलावरची माणसं संपेपर्यंत.

ती पेशंट तपासत गेली. अर्धापूरच्या मावशीने लिहिलं होतं, नवरा ऐकत नाही. मृण्मयी म्हणाली, दोन गोळ्या नवऱ्याला द्या. लोक हसले. आत्याने लिहिलं होतं, आनंदाने पोट दुखतं. मृण्मयी म्हणाली, सरबत प्या. लोक परत हसले. तिला स्वतःचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू येत होता. बाबा बसले, त्यांच्या कागदावर काहीच नव्हतं. "मला काही नाही," ते म्हणाले, "मी ठणठणीत झालो." आणि उठून गेले.

मग राघवेंद्रकाका. हे उद्धवरावांचे चुलतभाऊ, देगलूरहून मुद्दाम आलेले. त्यांनी केसपेपर आणलाच नव्हता. त्यांनी काखोटीतून एक खरीखुरी फाईल काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. साखरेचे रिपोर्ट, छातीचा आलेख, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारीखवार.

"काका, हा खेळ आहे," मृण्मयी म्हणाली.

"खेळ आहे गं, पण तू तर खरी ना," काका हळू आवाजात म्हणाले. "दवाखान्यात गर्दी असती, मोठ्या डॉक्टरला काही विचारायची भीती वाटती. घरातलं माणूस असलं म्हणजे विचारता येतं. सावकाश बघ. घाई नाही. मी ठेवून जातो."

ती फाईल मांडीवर तशीच राहिली. मृण्मयीला वाटलं, आता तरी काहीतरी वाटावं. लाज वाटावी, भीती वाटावी. काका स्टुलावरून उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले, तो हात नुसता जड लागला.

शेवटची पेशंट आई होती. लोक तोवर सरबताच्या बाटल्यांकडे वळले होते, बाबा केकभोवती मेणबत्त्या लावत होते, आत्या मोबाईल उभा करून कोन जुळवत होती. आई पांढरी साडी नेसली होती, बिनकाठाची. ती स्टुलावर बसली आणि तिने हात पुढे केला.

"नाव?" मृण्मयी म्हणाली.

"सरोजिनी."

कागदावर लिहिलं होतं, झोप येत नाही. मृण्मयीने आईचं मनगट धरलं. "कधीपासून येत नाही?"

"ते मी उगीच लिहिलं," आई म्हणाली. तिने मान वळवून मागे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "खरं सांगू का एक? तू आता शिकशीलच हे सगळं, म्हणून विचारते."

"सांग."

"मालविकाचा फोन आला ना, तुझा नंबर लागला म्हणून. ती तिकडं रडून राहिली, हसून राहिली. मी फोन धरून नुसती उभी. मला काही झालंच नाही गं. आनंद नाही, रडू नाही, काही नाही. म्हटलं, बसेल धक्का जरा वेळानं. तुझे बाबा नारळ फोडून आले, मी ते खोबरं किसलं. म्हटलं, केक करायला घेतला की वाटेल. केक झाला. हात चालतात तसे चालले. अजून काही वाटून नाही राहिलं." तिचा आवाज शाळेत हजेरी घेतात तितका सपाट होता. "एवढी वर्षं ज्याच्यासाठी काढली ते पदरात पडलं, आणि आईला काही वाटत नाही. असं असतं का कुठं? मी काय आई आहे का कोण आहे? हे कशानं होतं, मृणू?"

मृण्मयीने मनगट सोडलं नाही. बुधवारपासून जे कुणाला सांगता येत नव्हतं तेच तिच्यासमोर आई सांगत होती, शब्दसुद्धा तेच.

"मला पण तसंच होतंय," ती म्हणाली.

"तुला कशानं होईल? तुझा तर नंबर लागला."

"नाही लागला."

आईने डोळे मिटून उघडले.

"आत्याने थीम विचारली, मी नंबर म्हटलं. नंबर केक. एक आणि नऊ. तिला वाटलं माझाच लागला." मृण्मयी काही हळू बोलली नव्हती, आणि मागचं हसणं नेमकं त्याच वेळी थांबलं होतं. "यादीत नाव नाहीये माझं. आणि आई, मला परत बसायचं पण नाहीये. माझ्याच्याने नाही होणार."

मालविकाआत्या मोबाईल हातात तसाच धरून म्हणाली, "अगं पण मी तुला दोनदा विचारलं. तू हाव म्हणालीस." बाबांच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली, ती त्यांनी झटकली आणि पुढची ओढली नाही. राघवेंद्रकाका पुढे आले, त्यांनी मृण्मयीच्या मांडीवरून आपली फाईल हलकेच उचलली, तिची दोरी बांधली आणि परत काखोटीत घेतली.

मग माणसांना कंठ फुटला. आपली माणसं वाईट नसतात, पण त्यांना गप्प बसवत नाही. मावशी म्हणाली, एवढंच ना, पुढच्या वर्षी लागेल. काका म्हणाले, हो हो, काठावर होते मार्क, पुढच्या वर्षी कुठं जात नाही. कुणाचा तरी भाचा चौथ्यांदा लागला होता, त्याचा विषय निघाला. बाबा म्हणाले, "मी लातूरला बोलतो उद्या. पुढच्या वर्षी दुसरा क्लास पाहू." ते मुलीकडे बघत नव्हते, दाखल्यांच्या त्या नव्या फाईलीकडे बघत होते.

"नाही बसायची ती," आई म्हणाली.

ती अजून स्टुलावरच होती. उद्धवराव म्हणाले, "आता सगळ्यांसमोर नको. नंतर बोलू."

"नंतर पण हेच. नाही बसायची. तिचं राहू द्या बाजूला. मला नाही झेपणार आता, अहो. तिचा नंबर लागला म्हणून कळलं तर मला काही वाटलं नाही. आणि आता लागला नाही म्हणाली, तर मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. बघा, काय म्हणायचं ते म्हणा मला."

आई उठली. लोक बाजूला झाले, तशी ती केकपाशी गेली. जरा वेळ तिने त्या कोटाकडे पाहिलं. मग नखाने तिने 'डॉ.' उचकटलं. फॉन्डंट वाळून कडक झालं होतं, टिंबासकट अख्खं निघून आलं. खाली पांढऱ्या क्रीमवर त्याचा निळसर डाग राहिला.

"वहिनी, काय करून राहिलात?" आत्या म्हणाली.

आईने ते अक्षर मधोमध मोडलं, अर्धं तोंडात टाकलं आणि अर्धं मृण्मयीकडे आणून दिलं. मृण्मयीने तोंडात घेतलं. दगडासारखं होतं, चावायला वेळ लागत होता. पन्नास माणसं बघत उभी आणि मायलेकी समोरासमोर साखर फोडत होत्या. आईच्या गालावर निळा रंग लागला होता. तो पुसायला म्हणून मृण्मयीने हात वर केला आणि तिच्या घशातून एक आवाज आला, जो तिने आधी कधी ऐकला नव्हता. मग ती रडायला लागली. आईने तिला धरलं. आईचंही अंग हलत होतं, पण ती रडत होती की हसत होती ते मागच्यांना कळलं नाही.

बऱ्याच वेळाने बाबा सुरी घेऊन आले. त्यांनी ती मृण्मयीच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

"काप," ते म्हणाले. "माणसं थांबलीत."